व्हिसाचा फोटो

१८ नोव्हेंबर, सोमवार

ही वही मी मागून लिहून राह्यली. समोरून फोटोचं लिहायचं हाये, ते माताजीचं. मागचं माहं.

आज माताजीनं बोलावलं अन् कॅमेरा हातात देला. म्हणे, आजपासून फोटो तू काढायचे. मी म्हटलं, माताजी, मी झाडू-पोछावाली बाई, सातवीलोक शिकली, मोबाईलवर फोटो काढला तरी माहं बोट येते त्यात. तं म्हणे, "बोट येऊ दे. माह्या हातानं तं सगळंच हालते." अन् हात पुढं करून दाखवला. कप धरला का बशी वाजते तिची, ते मले माहीत होतंच.

माताजी जपानी होय. सेवाग्राम रोडवरून आत गेलं का चिंचेच्या झाडामागं लहानसं जपानी विहार हाये, तिथं चाळीस वर्षांपासून राह्यते. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरं-पिवळं. सकाळ-संध्याकाळ ढोल वाजवते. बोलते मात्र आपल्यासारखी, बाजारातल्या बायांपासून शिकली. पहिल्या दिवशी मले म्हणे, "उशीर काऊन केला वं?" तं मले हसूच आलतं. मराठी वाचता येत नाई तिले, म्हणून इथं मोकळं लिहिते. मी आठ महिन्यांपासून तिथं झाडते, भांडे घासते, दुपारचा सैपाक करते. माही पोरगी मेघू संगं असते. दीड वर्षाची हाये.

माताजीच्या बहिणीची पोरगी मिदोरी तिकडं जपानात हाये. तिनंच कॅमेरा पाठवला. तिले माताजीचं रोजचं सगळं पाह्यचं हाये. चहा, शिवण, लोणचं, ढोल, जसं तिची आजी करे तसं. तिकडं आता कोणी करत नाई म्हणे. दर रविवारी अपेक्षा मॅडम येतात, सावंगीले डॉक्टरकी शिकून राह्यल्या. त्या अर्धा घंटा डोळे मिटून बसतात अन् जातात. त्याच माह्या समोरच्या पानाचं इंग्रजी करून फोटोसंगं पाठवतीन.

मी हो म्हटलं. पण एक सांगून देलं. मेघूचा फोटो मी काढणार नाई अन् कोणाले काढू देणार नाई.

"काऊन?"

मी सांगितलं नाई. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाई.

इथं लिहिते. मेघूच्या आधी मले पियुष होता. एक वर्षाचा झाला तवा आमी सेलूले स्टुडिओत त्याचा फोटो काढला, केकावर हात ठेवून. बाराव्या दिवशी ताप आला, पोट फुगलं, पांढराफट पडला. दोन दिवसांत गेला. दवाखान्यात डॉक्टरीण बाईनं कागद देला, का सिकल असन, रक्ताची बिमारी, तुमी दोघं रक्त तपासा, पुढचं लेकरू झालं का त्याचं बी तपासा. माही सासू म्हणे, काचेच्या डोळ्यानं खाल्लं माह्या नातवाले. मी तसं मानत नाई. पण मेघूचा एकबी फोटो नाई आमच्या घरी. पियुषचा फोटो अन् तो कागद एकाच डब्यात हायेत, पेटीत, लुगड्यांखाली. तो डबा मी उघडत नाई.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

अठरा फोटो काढले. चार बरे निघाले.

विहारात आलं का चपला वळवून ठेवायच्या, तोंड बाहेर करून. जाणाऱ्याले सोपं जाते. लोकं तशाच फेकतात, माताजी खाली बसून एकेक वळवते. म्हणे, ह्याचा फोटो घे. मी घेतला तं तिचं डोकंच कटलं. दुसऱ्यात माहं बोट. तिसऱ्यात नुसता भैयाजीचा पाय. भैयाजी तिथले चौकीदार, म्हणे, "वा! जपानात पाठवा माहा पाय, तेवढंच माहं विमान."

माताजी म्हणे, "तू पहिले दाबते अन् मंग पाह्यते. पहिले पाहाजो. मंग श्वास सोडजो. मंग दाबजो."

मले वाटलं, एवढा कुठं टाइम असते.

डबा रुमालात बांधते त्याचा फोटो चांगला आला. गाठ अशी मारते का एका बोटानं सुटते.

थकली मी. घरी येऊन पुन्हा सैपाक.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

माताजी मुळे तांदळाच्या कोंड्यात पुरते, मीठ टाकून. रोज कोपरालोक हात घालून तो कोंडा खालीवर करते. तेच तिचं लोणचं. त्याचे फोटो काढले. वास कपड्याले बसला. घरी आली तं आत्याबाईनं नाकाले पदर लावला.

"काय वं मोनाली, उंदीर पुरला का तुह्या माताजीनं?"

"मुळा होय, आत्याबाई."

"मुळ्यानं काय पाप केलं होतं?"

आत्याबाई म्हणजे धुरपताबाई, माही सासू. तोंडाची तिखट हाये, पण मेघूले मांडीवरून उतरवत नाई.

मेघू आज दिवसभर चिडचिड. दोन्ही हाताचे बोटं फुगले. मुंगळा चावला असन. आत्याबाईनं हळद-तेल चोळलं. चोळलं तं आणखी रडली.

२ डिसेंबर, सोमवार

सूज उतरली. मुंगळाच होता.

८ डिसेंबर, रविवार

अंकित आला, माहा नवरा. बुटीबोरीले कंपनीत हाये, रविवारी येते. येतायेताच कॅमेरा पाह्यला. "हा पडला-फुटला तं कोण भरन?" मी म्हटलं, पडणार नाई. तरी त्यानं तो उचलून टीव्हीमागं ठेवला, मेघूच्या हाती लागू नये म्हणून.

दुपारी आशा वर्कर वर्षाली ताई आली. शिबिर हाये म्हणे बुधवारी, सिकलचं. "मोनाली, मेघाचं रक्त द्यायचं राह्यलं. पियुषच्या वेळचं तुले माहीतच हाये."

आत्याबाई दारात उभी राह्यली. "आमच्या घराण्यात असं काही नाई. उद्या पोरीच्या लग्नात लोकं विचारतीन, तवा तू येशील का सांगाले?"

"आजी, लग्नाले पोरगी तं राह्यली पाह्यजे."

हे ऐकून आत्याबाईनं जे तोंड सोडलं, ते इथं लिहीत नाई. मी मेघूले घेऊन मोरीत जाऊन बसली. कायले बसली? ती काय पकडून नेणार होती?

ताई गेल्यावर अंकित मेघूच्या पायाचे तळवे धरून बसला. मी विचारलं, तुमाले काय वाटते? तं म्हणे, "मले काई वाटत नाई. जेवाले वाढ."

माहं मन मी मले सांगते. कागद आला अन् दुसऱ्या दिवशी पियुष गेला. कागद नाई आला तं काईच नाई. हे खोटं हाये ते मले समजते. पण तसंच वाटते.

बुधवारी मी जाणार नाई.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज नुसते माताजीचेच फोटो. तिनं भिंतीले पांढरी चादर लावाले लावली, धुतलेलं वस्त्र घातलं, स्टुलावर बसली. म्हणे, छातीलोक घे. मागं काई दिसू नये.

व्हिसाच्या कामाले लागत असन. दर काई वर्षांनी तिले कागदं करावे लागतात, भैयाजी सांगे.

एकवीस फोटो झाले. हा नको, ह्यात राग हाये. हा नको, ह्यात देव झाली मी. हा नको, ह्यात मेल्यासारखी दिसते. मी म्हटलं, माताजी, नवरीबी एवढे नखरे करत नाई. तेवढ्यात मेघूनं बाहेर बादली उलटवली, सगळं पाणी अंगावर घेतलं अन् स्वतःच टाळ्या वाजवाले लागली. माताजीनं दाराकडं पाह्यलं. माहं बोट दाबल्या गेलं.

तिनं तोच फोटो धरला. "हा."

"माताजी, ह्यात तं तुमी तिकडं पाहून राह्यल्या. अन् हसू फुटून राह्यलं. सरकारी कामात हा चालत नाई, कान दिसले पाह्यजे दोन्ही."

"चालते. माह्या कामात चालते."

परत पाठवतीन तवा समजन. समोरच्या पानावर एवढंच लिहिलं, नंबर १०४, माताजी, पांढरी चादर.

हल्ली जेवत नाई ती. दोन घास वरण-भात अन् बस. ॲसिडिटी म्हणे. सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन येते, भैयाजी स्कूटरवर नेते. तिनं तिची लोखंडी किटली विहाराशेजारच्या रुख्मिणी आजीले देऊन टाकली. मले वाटलं, नवीन घेणार असन.

२८ डिसेंबर, शनिवार

आज मजा आली. गंज दिवसांनी.

नव्या वर्षाले जपानात चिकट भाताचे गोळे करतात. भात शिजवून उखळात कुटायचा. उखळ रुख्मिणी आजीचं आणलं. आत्याबाईले समजलं का जपानी बाई उखळात भात कुटून राह्यली, तं ती पाह्यलेच आली. माह्या कामावर पहिल्यांदा.

एक जण मुसळ मारते अन् दुसऱ्यानं मधात हात घालून भात उलटायचा, ओल्या हातानं, मुसळ वर गेलं तेवढ्यात. भैयाजी मारत होते, माताजी उलटत होती. तिचा हात थरथर. आत्याबाईच्यानं पाह्यवलं नाई.

"अवं माय, बोटं ठेचून घेशील! सरक. कोण शिकवलं तुले असं मधात हात घालाले?"

"माह्या मायनं."

"मंग तुही माय बी येडीच होती. सरक म्हटलं ना."

माताजी सरकली. म्हणे, "मारणाऱ्यानं आवाज द्याचा अन् उलटणाऱ्यानं बी द्याचा. मुक्यानं काम केलं तं हात तुटते."

मंग भैयाजी "हां" म्हणत अन् आत्याबाई "हूं". हां-हूं, हां-हूं. आत्याबाई पन्नास वर्षांपासून हेच करत आल्यासारखी बसली. मधातच म्हणे, "अवं, हे तं आपल्या कुरडईच्या चिकासारखं होय, आमाले काय शिकवता." भैयाजी हसले अन् चुकले, मुसळ काठावर आदळलं. तं म्हणे, "धुरपताबाई, बोलू नका, तुमची बोटं जपानात जातीन."

मी जवळ बसून काढत होती. पहिले पाह्यलं, श्वास सोडला, दाबलं. पांढरा गोळा अन् त्याच्यावर आत्याबाईचा ओला काळा हात. असा फोटो आला का मलेच विश्वास नाई बसला.

गोळे बुद्धापुढं ठेवले, मोठ्यावर लहान. कुटत होते तवा मेघू उखळाबाजूच्या पिठाच्या ताटात हात घालून बसली होती. थंडीनं चिडचिडी झाली हाये. दोन दिवसांपासून पाय टेकत नाई, कडेवरच पाह्यजे. माही कंबर गेली.

५ जानेवारी, रविवार

हे लिहू का नाई असं झालं.

अपेक्षा मॅडमनं फोटो लॅपटॉपवर घेतले. माताजी बाजूले, मी मागं, मेघू माह्या मांडीवर. उखळाचा फोटो आला तं मॅडम म्हणे, "ताई, हा तुम्ही काढला? खरंच?" मले बरं वाटलं. मंग त्यांनी तो मोठा केला, कोपरा आणखी मोठा केला. तिथं पिठाचं ताट होतं, अन् ताटात लहान हात. मी तो पाह्यलाच नव्हता. गोळ्याकडंच पाहून राह्यली होती.

"हा हात कोणाच्या बाळाचा?"

मॅडम पडद्याजवळ वाकल्या.

"बोटं बघा कशी सुजलीत. दोन्ही हात असे होतात का? पायसुद्धा?"

मी मेघूचे हात पदरात घेतले अन् म्हटलं, "शेजारचं लेकरू होय. रुख्मिणी आजीची नात."

"त्यांना सांगा, लवकर तपासून घ्या. हे सिकलसेलमध्ये होतं. साधी रक्ताची तपासणी आहे. वेळेवर औषध सुरू झालं की मुलं मोठी होतात, ताई. माझ्या वर्गात धनंजय आहे, त्याला आहे. डॉक्टर होतोय आणि रोज माझं डोकं खातो."

मी हो हो म्हटलं. माताजी चहा ओतत होती. बशी लय वाजली.

मॅडम गेल्यावर मी भांडे घासाले बसली. माताजी मागून आली. म्हणे, "रुख्मिणीची नात पाचवीत हाये ना वं?"

एवढंच. अन् ढोलाकडं निघून गेली.

६ जानेवारी, सोमवार

कामावर गेली नाई. अंग दुखते म्हणून सांगितलं.

कॅमेरा माह्याजवळच होता. तो फोटो पुसून टाकू म्हटलं. भैयाजीनं शिकवलं हाये, कोणतं बटन. बोट ठेवलं. मंग पाह्यलं. पहिल्यांदा नीट पाह्यलं. बोटं अशी होती जशी कोणी हवा भरली. मधात सांधा दिसतच नाई.

मंग ही वही मागं वाचली. २९ नोव्हेंबरले लिहिलं, दोन्ही हाताचे बोटं फुगले. २८ डिसेंबरले लिहिलं, पाय टेकत नाई. माह्याच हातानं लिहिलं हाये. एक मुंगळा दोन्ही हाताले चावते का? दहाच्या दहा बोटाले?

आत्याबाई मेघूले घेऊन अंगणात उन्हात होती. मी पेटीतून डबा काढला.

कागद नाई पाह्यला. फोटो पाह्यला. पियुष. निळं स्वेटर, डोक्यावर टोपी, केकावर दोन्ही हात. तवा सगळे म्हणत, किती गुटगुटीत हाये, हात पाहा कसे गोल. स्टुडिओवाला बी म्हणे, पहिलवान हाये.

तेच हात. हवा भरल्यासारखे. सांधा नाई.

तीन वर्षांपासून हा फोटो डब्यात हाये. त्यानं काईच खाल्लं नव्हतं. तो सांगून राह्यला होता, अन् मी झाकण लावून ठेवलं होतं.

रडाले बी जोर नव्हता. फोटो आत्याबाईले दाखवला, कॅमेऱ्यातला बी दाखवला. तिनं दोन्ही पाह्यले. लय वेळ. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाह्यले. मंग म्हणे, "भात कुटला तवा हे पोरगी माह्याजवळच बसली होती ना."

९ जानेवारी, गुरुवार

सेवाग्रामले गेलो. मी, मेघू, आत्याबाई. माताजी म्हणे मी बी येते, मले रस्ता माहीत हाये. अंकितले फोन केला तं तो शिफ्ट सोडून थेट तिथंच आला. लाईनीत उभा राह्यला.

मेघूचं रक्त काढताना आत्याबाईनं सिस्टरले शिव्या देल्या. सिस्टर म्हणे, आजी, आता तुमचंच काढते. तं गप झाली.

माताजीले तिथं सगळे ओळखतात. खालच्या मजल्यावर, जिथं डोक्याले रुमाल बांधलेल्या बाया बसतात, तिथल्या सिस्टरनं आवाज देला, "माताजी, तुमची तारीख तर सोमवारची होती, आल्या नाहीत?" माताजी म्हणे, "पुरे झालं, बाई." अन् तिच्या हातात मुरमुऱ्याचा लाडू देला.

ॲसिडिटीचं औषध सोडलं म्हणून मी तिले रस्त्यात रागावली. म्हटलं, पोट का बिना औषधाचं बरं होते? तं म्हणे, "तू कागद आण. मंग मले रागावजो."

रपोट आठ दिवसांनी. अंकितचं अन् माहंबी रक्त घेतलं.

१६ जानेवारी, गुरुवार

कागद आला. मेघूले हाये. पूर्ण. मी अन् अंकित, दोघांतबी अर्धं-अर्धं हाये. ते दोन अर्धे पोरीत गेले.

डॉक्टरीण बाईनं अर्धा घंटा समजावलं. रोज औषध. एकबी दिवस चुकवायचा नाई. पाणी लय पाजायचं. थंडीत उघडं ठेवायचं नाई. ताप आला का रात्र-दिवस पाह्यचा नाई, तसंच घेऊन यायचं. अन् पोटाच्या डाव्या बाजूले रोज हात लावून पाह्यचं, बरगडीखाली काई कडक लागते का. माहा हात धरून दाखवलं, इथं. मी म्हटलं, लागलं तं? म्हणे, लागलं तर तसंच उचलून आणा, आणि वेळेत आणलं तर आमच्या हातात काहीतरी राहतं.

पियुषचं पोट असंच फुगलं होतं. आमी शेक देला होता.

बाहेर येऊन अंकित झाडाखाली बसला अन् रडला, लहान पोरासारखा. आत्याबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "तुह्या आधीचे माहे दोन गेले. सांधे दुखत त्यायचे बी. मी वारं म्हटलं." तीस वर्षांत हे कोणालेच सांगितलं नव्हतं तिनं.

मले भेव वाटते. पहिले बी वाटे, पण तवा कायचं ते माहीत नव्हतं. आता जागा माहीत हाये, डाव्या बाजूले, बरगडीखाली. दिवसातून दहादा हात लावते.

३ फेब्रुवारी, सोमवार

अठरा दिवस औषध झालं. चुकलं नाई. मेघू थुंकते, आत्याबाई नाक धरते, मी ओतते.

माताजी आता उठून बसत नाई. ढोल भैयाजी वाजवतात, त्यायचा ताल चुकते तं ती आतून भिंत वाजवते. मले कॅमेऱ्यातले सगळे फोटो एकेक दाखवाले लावले. दोनशे अकरा. चपला, गाठी, मुळे, ठिगळं, उखळ. म्हणे, "तिकडं पोहचले. मिदोरीनं विहाराच्या भिंतीवर लावले, माह्या गावी. लोकं येऊन पाह्यतात." मंग म्हणे, "मेघाचा एकबी नाई."

मी म्हटलं, काढते.

"आज?"

"आज तिनं शेंबूड काढून ठेवला. उद्या काढते."

खरं सांगू का, हात नाई उचलत. सगळं समजलं तरी नाई उचलत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज बी नाई काढला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ढोल वाजला नाई. त्यानंच सगळ्यायले समजलं.

मी पोहचली तं भैयाजी दारातल्या चपला वळवून राह्यले होते. रडत होते अन् वळवत होते. म्हणे, पहाटे गेली, झोपेतच.

मंग त्यायनं कपाटातून कापडात गुंडाळलेलं काई काढलं. गाठ एका बोटानं सुटली. आत काळी चौकट, काळी फीत, काच लावलेली. माताजीनंच तयार करून ठेवली होती. नागपूरवरून करून आणली म्हणे, डिसेंबरात.

नंबर १०४.

मी तिले कान दिसत नाई म्हटलं होतं. परत पाठवतीन म्हटलं होतं. एकवीस वेळा मी तिले इकडं पाहा, तिकडं पाहा केलं. अन् तिनं मले सांगितलं नाई. सांगितलं असतं तं माहा हात हालला असता, ते तिले माहीत होतं. तरी राग आला. अजून हाये.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मिदोरी आली. पन्नाशीची हाये, माताजीसारखंच नाक. परवा सगळं झालं. दीडशे लोकं होते, बाजारातल्या बाया बी होत्या. फोटो समोर ठेवला होता.

आज तिनं अपेक्षा मॅडमले मधात घालून मले विचारलं. आमच्याकडं अशा फोटोत माणूस सरळ समोर पाह्यते. मावशी बाजूले काऊन पाह्यते? अन् कायले हसून राह्यली?

समोरच्या पानावर काईच नव्हतं. माताजी, पांढरी चादर. मी वही उलटी केली. मागचं पान उघडलं, अन् १७ डिसेंबरचं वाचलं. मोठ्यानं. व्हिसाचं बी वाचलं, नखऱ्याचं बी. अपेक्षा मॅडम सांगता सांगता थांबल्या, डोळे पुसले, मंग पुढचं सांगितलं. बादलीपाशी आली तं मिदोरी हसाले लागली अन् हसता हसता रडली. मंग तिनं मेघूकडं पाह्यलं. मेघू तवा दोन्ही हातांनी गिलास धरून पाणी पिऊन राह्यली होती. बोटं पातळ हायेत आता. सांधे दिसतात.

मॅडमनं पुढचे पानं स्वतःच वाचले. ५ जानेवारीचं बी वाचलं असन. मले म्हणे, "रुख्मिणी आजीच्या नातीला सांगा, बोटं छान दिसतात."

मिदोरी म्हणे, कॅमेरा तुमीच ठेवा.

मी घेतला. पहिले पाह्यलं. श्वास सोडला. हात हालत होता, पण माताजीचाबी हाले.

हे आता वही सरळ करून समोरून लिहिते.

नंबर २१२. १५ फेब्रुवारी. मेघा अंकित, वय एक वर्ष नऊ महिने. विहाराच्या पायरीवर पाणी पिऊन राह्यली. दोन्ही हात दिसतात.